तमिळनाडूचा साडेसात टक्के कोटा: भांडण परीक्षेचं, तोडगा शाळेचा

२०१९-२० या शैक्षणिक वर्षात तमिळनाडूत सरकारी शाळेतून आलेल्या फक्त सहा मुलांना एमबीबीएसला प्रवेश मिळाला. बारावीला बसणाऱ्या दर शंभर मुलांतली साधारण ४१ मुलं तेव्हा सरकारी शाळांची होती. पुढच्याच वर्षी सहाचे तीनशेच्या वर झाले. मधल्या काळात शाळा सुधारल्या नव्हत्या; उलट कोविडमुळे त्यांना कुलपं लागली होती. नीट ही मेडिकलची देशव्यापी प्रवेश परीक्षा सोपी झाली नव्हती, रद्द तर नव्हतीच. प्रवेशाच्या नियमांत सरकारी शाळेतल्या मुलांसाठी साडेसात टक्के जागा ठेवणारं एक कलम वाढलं होतं, एवढंच.

नीटवरचा वाद आपल्याकडे बहुतेक वेळा दोनच सुरांत चालतो. एकाचं म्हणणं, परीक्षा सगळ्यांना सारखी, मग अन्याय कसला? दुसऱ्याचं म्हणणं, परीक्षा रद्द करा, गरिबांची मुलं आपोआप आत येतील. तमिळनाडूचं प्रकरण या दोघांचीही पंचाईत करतं.

बारावीचे गुण चालत होते तेव्हा

तमिळनाडूत पूर्वी सीईटी होती. एम. आनंदकृष्णन समितीच्या शिफारशीनंतर राज्यानं २००६ मध्ये कायदा करून ती बंद केली आणि पुढची दहा वर्षं मेडिकलचे प्रवेश बारावीच्या गुणांवर झाले. हिशोब सरळ होता. प्रत्येक विषय २०० गुणांचा. जीवशास्त्राचे गुण निम्मे करायचे, भौतिक आणि रसायनशास्त्राचे पाव करायचे, म्हणजे बेरीज २०० पैकी येते. या बेरजेलाच तिकडे 'कटऑफ' म्हणत. ती पाव-पाव गुणापर्यंत मोजली जाई, कारण तेवढ्यावरही ढिगानं मुलं मागेपुढे होत.

कागदावर ही पद्धत गरिबाच्या सोयीची दिसते. क्लास नको, वेगळी परीक्षा नको, शाळेत शिकवतात तेवढं पुरे. प्रत्यक्षात या दहा वर्षांतही सरकारी शाळांच्या मुलांचा वाटा एका टक्क्याच्या आसपासच घुटमळत राहिला. मोठा घास घेत होत्या त्या नामक्कल आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतल्या खासगी निवासी शाळा. नामक्कल हा कुक्कुटपालनाचा जिल्हा. लोकांनी या शाळांना नावच पाडलं होतं, 'ब्रॉयलर शाळा'. अकरावीचं पुस्तक जवळपास उघडायचंच नाही, दोन्ही वर्षं बारावीचाच अभ्यास घोटायचा, पहाटेपासून रात्रीपर्यंत सराव चाचण्या द्यायच्या. बोर्डाचे प्रश्न बहुतांशी पुस्तकाला धरून, बऱ्याचदा धड्याखालच्या स्वाध्यायांतलेच, त्यामुळे या घोटण्याला फळही मिळे. २०१७-१८ पासून राज्यानं अकरावीलाही बोर्डाची परीक्षा लावली, ती मुख्यतः हा प्रकार थांबवायला. लातूर पॅटर्नविषयी आपल्याकडे कौतुक आणि कुरबूर दोन्ही एकाच तोंडातून ऐकू येतात. नामक्कलविषयी तिकडे तसंच.

तेव्हा 'नीटच्या आधी सगळं आलबेल होतं' हे सोडून द्यायला हवं. जुन्या पद्धतीत खेड्यातली, तमिळ माध्यमातली मुलं बऱ्यापैकी संख्येनं येत होती हे खरं. पण ती बहुतेक अनुदानित आणि खासगी शाळांमधून. सरकारी शाळेचं दार तेव्हाही बंदच होतं. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

२०१७चा उन्हाळा

नीट आणण्यामागचं कारण खोटं नव्हतं. प्रत्येक राज्याची परीक्षा वेगळी, अभिमत विद्यापीठांच्या आणि खासगी कॉलेजांच्या आणखी वेगळ्या, आणि त्यांच्या आडून कॅपिटेशन फीचा उघड बाजार. २०१३च्या मे महिन्यात पहिली नीट झाली, जुलैत सर्वोच्च न्यायालयानं ती दोन विरुद्ध एक मतानं रद्द केली, एप्रिल २०१६ मध्ये तोच निकाल मागे घेतला. राज्यांना एका वर्षाची सवलत मिळाली. २०१७ मध्ये ती संपली.

त्या वर्षी तमिळनाडू सरकारनं जे हातपाय मारले ते मुळातून पाहण्यासारखे आहेत. विधानसभेनं नीटमधून सूट मागणारी विधेयकं मंजूर केली. राष्ट्रपतींची संमती आली नाही. मग शासन आदेश निघाला: राज्याच्या वाट्यातल्या ८५ टक्के जागा राज्य बोर्डाच्या मुलांना. मद्रास उच्च न्यायालयानं जुलैत तो रद्द केला. एका बोर्डाच्या मुलांना दुसऱ्या बोर्डाच्या मुलांवर असं सरसकट झुकतं माप देता येणार नाही, असा त्याचा रोख होता. त्यानंतर अध्यादेश. केंद्रानं आधी आशा दाखवली, मग हात वर केले. २२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, नीटच्या यादीप्रमाणेच प्रवेश करा. म्हणजे अर्धा ऑगस्ट उलटून गेला तरी तिथल्या मुलांना आपला प्रवेश नेमका कोणत्या परीक्षेवर होणार हे ठाऊक नव्हतं. यापेक्षा वाईट कारभार शोधूनही सापडायचा नाही.

या प्रकरणात पक्षकार म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेलेली एक मुलगी होती एस. अनिता. अरियलूर जिल्ह्यातलं दलित कुटुंब, वडील हमाली करणारे. बारावीला १२०० पैकी ११७६. जीवशास्त्र १९४, रसायनशास्त्र १९९, भौतिकशास्त्र २००. जुन्या सूत्रात मांडा: ९७ अधिक ४९.७५ अधिक ५०, म्हणजे १९६.७५. या गुणांवर आदल्या वर्षी तिला सरकारी कॉलेजात जागा मिळाली असती. नीटमध्ये तिला ७२० पैकी ८६ मिळाले. त्या वर्षी नुसत्या पात्रतेची रेषा खुल्या गटाला १३१ आणि राखीव गटांना १०७ होती. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दहा दिवसांनी, १ सप्टेंबर २०१७ रोजी, तिनं आत्महत्या केली आणि राज्य पेटलं.

एकाच मुलीचे हे दोन आकडे शेजारी ठेवून दोन्ही बाजूंनी आपापलं सिद्ध केलं. बोर्ड गुणांची खिरापत वाटतं, असं एका बाजूनं. नीट हेच कारस्थान आहे, असं दुसरीनं. मला दोन्ही आकडे खरे वाटतात. दोन परीक्षा दोन वेगळ्या गोष्टी मोजत होत्या. बोर्डाला पुस्तक पाठ असणं हवं होतं आणि पुस्तक राज्याचं होतं, बऱ्याच वर्षांपूर्वीचं. नवी पुस्तकं २०१८ पासून यायला लागली. नीटचा पाया एनसीईआरटीच्या, म्हणजे सीबीएसईच्या शाळांत चालणाऱ्या, पुस्तकांचा. १८० मिनिटांत १८० प्रश्न, बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. इथं विषय येणं जेवढं लागतं तेवढंच कुठला प्रश्न सोडून द्यायचा हे कळणं लागतं, आणि ते कळायला शेकडो सराव पेपर सोडवावे लागतात. हे पेपर, ते तपासणारा माणूस आणि त्यासाठी लागणारं वर्ष, तिन्ही विकत मिळतात.

वर्षाची किंमत

निवृत्त न्यायमूर्ती ए. के. राजन यांच्या समितीनं जुलै २०२१ मध्ये या सगळ्याचा अहवाल दिला. समिती नीटविरोधी सरकारनं नेमलेली होती, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा. पण त्यातले प्रवेशाचे आकडे बोलके आहेत. तमिळ माध्यमाच्या मुलांचा वाटा २०१६-१७ मध्ये १४.८८ टक्के होता. नीटच्या पहिल्याच वर्षी तो १.६ वर आला आणि २०२०-२१ मध्येही दोन टक्क्यांच्या आतच राहिला. सीबीएसईच्या मुलांचा वाटा एक टक्क्याच्या आतबाहेरून पंचवीस टक्क्यांच्या वर गेला.

या अहवालावरच्या चर्चेत माध्यमाचा आणि बोर्डाचा आकडाच जास्त गाजला. मला विचाराल तर खरा आकडा रिपीटरांचा आहे. बारावीनंतर एक किंवा जास्त वर्षं थांबून पुन्हा परीक्षा देऊन आलेली मुलं २०१६-१७ मध्ये १२.४७ टक्के होती. २०२०-२१ मध्ये ७१.४२ टक्के. दहातली सात. कोचिंगची फी कर्ज काढून भरता येते, कुणी तरी शिष्यवृत्तीही देतं. पण अठरा वर्षांचं धडधाकट मूल वर्षभर काहीही न कमावता घरी किंवा होस्टेलवर बसवून ठेवणं, आणि वर्षाच्या शेवटी काहीच हाती न लागण्याची जोखीम घेणं, हे शेतमजुराच्या घराला जमत नाही. मुलगी असेल तर त्याहून नाही. माध्यम, बोर्ड, कोचिंग या सगळ्यांवर उपाय निघू शकतो. राखून ठेवलेल्या वर्षावर उपाय काय काढणार?

सरकारनं कोचिंगचा उपाय करून पाहिला. तालुक्या-तालुक्यांतून ४१२ मोफत नीट केंद्रं उघडली. त्यांचं फळ म्हणजे सुरुवातीला सांगितलेले ते सहा. केंद्रं उशिरा उघडली, शिक्षक पुरेसे नव्हते, ही कारणं आहेतच. पण शनिवार-रविवारचा मोफत वर्ग आणि वर्षभर दुसरं काहीही न करणारा रिपीटर यांची शर्यत लावली तर निकाल काय लागणार हे सांगायला समिती लागत नाही. त्यातच २०१८ च्या तमिळ पेपरात ४९ प्रश्नांचं भाषांतर चुकलं. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठानं ४९ गुणिले चार म्हणजे तब्बल १९६ गुण सगळ्या तमिळ परीक्षार्थींना द्यायला सांगितले, आणि सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी तो आदेश रद्द केला. तो आदेश टिकणारा नव्हताच. चूक मात्र खरी होती, आणि तिची भरपाई कुणालाच मिळाली नाही.

कलम

२०२० मध्ये निवृत्त न्यायमूर्ती पी. कलैयरसन यांच्या समितीनं शिफारस केली: नीट पात्र झालेल्या सरकारी शाळांच्या मुलांसाठी दहा टक्के जागा ठेवा. मंत्रिमंडळानं त्याचे साडेसात केले. सप्टेंबरमध्ये विधेयक मंजूर झालं आणि राज्यपालांच्या टेबलावर जाऊन बसलं. प्रवेश तोंडावर आले तरी सही होईना, तेव्हा सरकारनं २९ ऑक्टोबरला थेट शासन आदेश काढला. दुसऱ्या दिवशी राज्यपालांनी सही केली.

नियम असा. सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेली मुलं पात्र. सरकारी म्हणजे महापालिका-नगरपालिकांच्या शाळा, आदि द्रविड (दलित) कल्याण खात्याच्या, वनखात्याच्या, कळ्ळर समाजासाठी ब्रिटिश काळापासून चालत आलेल्या शाळाही. आरक्षण समांतर, म्हणजे तमिळनाडूचं जे ६९ टक्के सामाजिक आरक्षण आहे त्यात वाढ नाही. बीसी (मागास), एमबीसी (अतिमागास), एससी, एसटी आणि खुला, प्रत्येक कप्प्याच्या आत साडेसात टक्के. बीसीच्या हजार जागा असतील तर त्यातल्या ७५ बीसीच्याच, पण सरकारी शाळेतल्या मुलांना. या मुलांची वेगळी गुणवत्ता यादी लागते आणि ती लागते नीटच्याच गुणांवर.

इथं कारागिरी दिसते. ८५ टक्क्यांचा आदेश कोसळला आणि हा टिकला, यामागे फक्त टक्क्यांचा फरक नाही. पहिला नुसता शासन आदेश होता, तो बोर्ड बघत होता, आणि राज्य बोर्डात नामक्कलची महागडी निवासी शाळाही येते नि वनखात्याची शाळाही. दुसरा विधिमंडळाचा कायदा, समितीच्या आकड्यांवर उभा, आणि नीटला न डिवचणारा. परीक्षा तीच, पात्रतेची रेषा तीच. फक्त कुणाची तुलना कुणाशी करायची ते बदललं. सरकारी शाळेतल्या मुलाची स्पर्धा सरकारी शाळेतल्या मुलाशी. ७ एप्रिल २०२२ रोजी मद्रास उच्च न्यायालयानं कायदा वैध ठरवला, आणि पाच वर्षांत फेरआढावा घ्या, तोवर सरकारी शाळा सुधारा, असंही बजावलं.

पहिलं काउन्सेलिंग १८ नोव्हेंबर २०२० ला चेन्नईत सुरू झालं, सुरुवात याच मुलांपासून. आणि लगेच एक भोक दिसलं. कोट्यात सरकारी कॉलेजांबरोबर खासगी कॉलेजांतल्या सरकारी वाट्याच्या जागाही होत्या. सरकारी कॉलेजची फी वर्षाला काही हजार, खासगीची काही लाख. यादीत वर असलेल्यांना सरकारी कॉलेज मिळालं. खालच्यांच्या समोर पडद्यावर खासगी कॉलेजचं नाव आलं, आणि काही मुलांनी आईबापांशी तिथल्या तिथं बोलून ती जागा नाकारली. सात वर्षं सरकारी शाळा, मग नीट, मग यादी, आणि शेवटी फीवर गाडी अडली. दोन-तीन दिवसांत बोंब झाल्यावर सरकारनं या मुलांची फी आणि होस्टेलचा खर्च स्वतः भरायचं जाहीर केलं. आधी सोडलेल्या जागांचा प्रश्न कोर्टापर्यंत गेला. पैशाची तरतूद नसलेली राखीव जागा म्हणजे नुसतं यादीतलं नाव, हे कायदा लिहिताना कुणाच्या डोक्यात आलं नाही याचं आजही आश्चर्य वाटतं.

गुणवत्तेचं काय?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. या मुलांचे गुण खुल्या यादीच्या कटऑफपेक्षा शेकड्यांनी कमी होते. २०२० मध्ये पात्रतेची रेषा खुल्यांना १४७ आणि राखीव गटांना ११३ होती. सरकारी कॉलेजची सर्वसाधारण यादी त्याच्या कितीतरी वर बंद होते.

पण याच ७२० गुणांच्या परीक्षेत दीडशेच्या घरातले गुण घेऊन मॅनेजमेंट किंवा एनआरआय कोट्यातून खासगी कॉलेजात बसणारी मुलं देशभर आहेत, आणि त्यांच्या पेशंटांची काळजी करणारे लेख फारसे दिसत नाहीत. पात्रतेची रेषा एक असताना त्या रेषेच्या वर पैसे भरून आलेला चालतो आणि कायद्यानं आलेला खटकतो, यात गुणवत्तेचा संबंध किती? शिवाय नीट हे दार आहे. आत गेल्यावर शरीररचनेची व्हायवा, विद्यापीठाचे पेपर, वॉर्डातल्या पोस्टिंग, हे सगळं सगळ्यांना सारखंच. तिथं कोटा नाही. तमिळ माध्यमातून आलेल्या मुलाला पहिल्या वर्षी इंग्रजी पुस्तकं झेपत नाहीत ही अडचण खरी आहे. २००७ ते २०१६ मध्ये आलेल्या तमिळ माध्यमाच्या मुलांनाही ती होती, आणि ती मुलं आज डॉक्टर आहेत.

तमिळनाडूला याची एवढी फिकीर का, याचंही एक व्यावहारिक कारण आहे. तिथली सरकारी आरोग्यसेवा प्राथमिक आरोग्य केंद्रापासून वर एमबीबीएस डॉक्टरांच्या जिवावर चालते. सेवेत काही वर्षं काढली की पदव्युत्तर प्रवेशात सेवांतर्गत कोटा, ही तिथली जुनी देवाणघेवाण. ती टिकवायला डॉक्टर संघटना घटनापीठापर्यंत लढल्या आणि ऑगस्ट २०२० मध्ये राज्यांचा तो अधिकार मान्य झाला. या साखळीला खेड्यात राहायला तयार असलेली मुलं लागतात. दोन वर्षं कोचिंगच्या शहरात काढून आलेल्या, सुपरस्पेशालिटीची स्वप्नं बघणाऱ्या मुलांकडून ती अपेक्षा धरणं भाबडेपणाचं आहे.

कोट्याबाहेरचे

या कायद्याची सगळ्यात बोचरी गोष्ट ही की ज्या मृत्यूनं त्याला राजकीय धग दिली, त्या अनिताला तो लागू झाला नसता. तिची बारावीची शाळा सरकारी नव्हती. अनुदानित शाळांमधल्या लाखो मुलांचं तेच. शिक्षकांचा पगार सरकार देतं, मुलं त्याच वस्तीतली, घरची स्थिती तीच. पण फलकावर संस्थेचं नाव आहे म्हणून कोट्याबाहेर. त्यांनाही घ्या ही मागणी न्यायालयात टिकली नाही, आणि प्रशासनाची बाजू मला समजते: रेषा कुठे तरी ओढावी लागते, आणि 'सरकारी' हा शब्द तपासायला सोपा.

कॅलिफोर्नियात याच अडचणीवर दुसरी वाट काढली गेली. तिथं १९९६ च्या सार्वमतानं सरकारी विद्यापीठांच्या प्रवेशात वंशाचा विचार करायला बंदी आली. डेव्हिसचं मेडिकल स्कूल, जिथल्या शंभरपैकी सोळा राखीव जागांवरून १९७८ चा गाजलेला 'बाकी' (Bakke) खटला झाला होता, तेच आता प्रत्येक अर्जदाराची प्रतिकूलता ० ते ९९ अशी मोजतं. घरचं उत्पन्न, आईवडिलांचं शिक्षण अशा बाबी एकत्र करून. डॉक्टर आईबापांचं मूल शून्याच्या आसपास राहतं, शेतमजुराचं वर जातं. प्रवेश परीक्षेचे गुण असतातच, पण ते या आकड्याच्या शेजारी ठेवून वाचले जातात. अशा मोजणीत अनितासारखी मुलगी सुटली नसती.

तरीही ती पद्धत उचलून इथं आणा, असं मी म्हणणार नाही. तिला अर्ज वाचणारी, मुलाखती घेणारी आणि जिच्यावर लोकांचा विश्वास आहे अशी समिती लागते. मध्य प्रदेशातल्या प्रवेश आणि भरती परीक्षांचा व्यापम घोटाळा पाहिलेल्या आणि २०२४ मध्ये नीटच्याच पेपरफुटीवर सर्वोच्च न्यायालयात सुनावण्या पाहिलेल्या देशात 'समितीनं ठरवलं' या शब्दांवर कोण भरवसा ठेवणार? उत्पन्नाचा दाखला कसा मिळतो हे तर सगळ्यांनाच माहीत आहे. सात वर्षांचं शाळेचं रजिस्टर खोटं करणं त्यामानानं अवघड. आणि कुणी चतुर बापानं कोट्यासाठी मूल सहावीपासूनच सरकारी शाळेत घातलं तर घालू दे की! त्या शाळेला एक भांडणारा पालक मिळेल.

मोठी लढाई राज्य हरतच आलं आहे. नीटमधून पूर्ण सूट मागणारं विधेयक सप्टेंबर २०२१ मध्ये मंजूर झालं, राज्यपालांनी परत पाठवलं, फेब्रुवारी २०२२ मध्ये पुन्हा मंजूर झालं, आणि एप्रिल २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी ते नाकारल्याचं मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी विधानसभेत सांगितलं. सभा, ठराव, मानवी साखळ्या सगळं या विधेयकासाठी झालं. मुलं मात्र आत आली ती त्या छोट्या कलमातून, जे दुसऱ्याच पक्षाच्या सरकारनं केलं होतं.

आता फेरआढाव्याची पाळी आहे. त्यात टक्के वाढवायचे की कमी करायचे यावरच सगळा काथ्याकूट होईल असं दिसतं. त्याआधी साडेसात टक्क्यांच्या यादीतच किती मुलं पहिल्या प्रयत्नात आली आणि किती रिपीटर आहेत हे दरवर्षी, जिल्ह्यागणिक छापलं पाहिजे. कारण कोट्याच्या आतही आता तीच शर्यत सुरू झाली आहे: ज्या सरकारी शाळेतल्या मुलाला एक वर्ष थांबणं परवडतं, तो बारावीतून सरळ आलेल्या मुलाच्या पुढे जातो. पहिल्या प्रयत्नातल्या मुलांसाठी या साडेसातातला काही भाग वेगळा काढायचा, की रिपीट करणाऱ्याला ते वर्ष होस्टेलसकट सरकारनं द्यायचं, हे दोन पर्याय आहेत. मी पहिला निवडेन. दुसऱ्यात पुन्हा कोचिंगवाल्यांचंच भलं होणार.